हिराबाई बडोदेकर : गाणाऱ्या स्त्रीचा मान

श्रोतेहो, आपल्या जुन्या जालन्यात जात्यावरची ओवी ऐकलेली माणसे अजून आहेत. घरात बाई गायिली, तर तिला कोणी नावे ठेवीत नसे. तीच बाई चार परक्या माणसांपुढे गाऊ लागली, की गाणे बाजूला राही आणि ‘ही कोणाची कोण?’ ही विचारणा आधी होई. या प्रश्नाला ज्यांनी वाद न घालता आपल्या गाण्याने उत्तर दिले, त्या हिराबाई बडोदेकरांची आज ओळख करून घेऊ.

हिराबाईंचा जन्म 1905 साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. जवळ पुंजी काय, तर मुलांचे गळे! हिराबाईंना तालीम मिळाली ती भाऊ सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्यापाशी. वाफा पुरता भिजल्यावाचून जाणता शेतकरी पाणी पुढच्या वाफ्यात सोडीत नाही ना? किराण्याचा गवईही एक सूर पुरता भरल्यावाचून पुढच्या सुराकडे वळत नाही.

अशी तयारी करून हिराबाई तिकीट लावलेल्या जलशात बसल्या. दोन्ही खांद्यांवरून पदर, मागे तंबोरे, हावभाव नाहीत. पुरुष गवयासारखी बैठक मारून त्या ख्याल गात. तिकीट काढून आलेला माणूस गाणेच ऐकायला येई, आणि कुटुंबासह येई. स्त्रीच्या जाहीर गाण्याला अशी प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्या अग्रणी होत.

नाटकात तर अडचण याहून मोठी. युरोपात ‘ऑपेरा’ म्हणून आपल्या संगीत नाटकासारखा प्रकार आहे. त्यात बहुधा संवादही गाऊनच म्हणतात. आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेली सोलोमिया क्रुशेल्नित्स्का ही त्यातली थोर गायिका. पुच्चिनीचा ‘मादामा बटरफ्लाय’ हा ऑपेरा फेब्रुवारी 1904 मध्ये मिलान शहरी साफ पडला. त्याने तो दुरुस्त केला आणि मे महिन्यात ब्रेशिया येथे सोलोमिया त्यात नायिका म्हणून उभी राहिली. या वेळी लोकांनी तो डोक्यावर घेतला.

आपल्याकडे काय होते? हिराबाई जन्मल्या त्याच साली, त्याच मिरजेत, बालगंधर्व शकुंतला होऊन रंगभूमीवर आले. त्यांची थोरवी निर्विवाद. पण नामांकित मंडळ्यांत नायिका पुरुषानेच व्हावे, हा रिवाज होता. 1929 साली हिराबाईंनी भावंडांसह नाटक मंडळी काढली आणि ‘सौभद्र’ नाटकात स्वतः सुभद्रा झाल्या. स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. लोकांनी वाखाणणी केली, परंतु मंडळीचा खर्च काही भागेना. अखेर मंडळी बंद झाली आणि डोक्यावर कर्ज राहिले. ते त्यांनी गावोगाव जलसे करून फेडले.

पुढे मानही आला. 1965 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 साली पद्मभूषण मिळाले. 1989 साली त्या निवर्तल्या. धाकट्या बहीण सरस्वती राणे आणि शिष्या प्रभा अत्रे यांनी हीच वाट पुढे रुंद केली.

गुरुजनहो, आज शाळेच्या संमेलनात एखादी मुलगी धीटपणे गाते, आई-बाप पहिल्या रांगेत बसून ऐकतात आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. हे आपोआप घडलेले नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजली आहे. त्या मुलीला पदाची चाल शिकवाल, तेव्हा हिराबाईंचे नावही सांगा.