कोविड-१९ महामारीतील उपशामक समाजकार्य (महाराष्ट्र)

उपशामक समाजकार्य ही वैद्यकीय समाजकार्याची एक शाखा आहे. बऱ्या न होणाऱ्या किंवा जीवघेण्या आजाराच्या रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मानसिक, सामाजिक व आर्थिक आधार देणे हे तिचे कार्यक्षेत्र होय. २०२० ते २०२२ या काळातील कोविड-१९ महामारीत या कामाचे स्वरूप मोठ्या प्रमाणावर बदलले. रुग्णाजवळ बसणे, घरी भेट देणे आणि नातेवाइकांना एकत्र आणणे ही त्याची नेहमीची साधने संसर्गाच्या भीतीमुळे वापरता येईनाशी झाली. त्याच काळात मृत्यू, विलगीकरण आणि उत्पन्न बंद होणे यांमुळे आधाराची गरज मात्र वाढली. या लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील स्थितीचा आढावा घेतला आहे.

संकल्पना

उपशामक सेवेला पॅलिएटिव्ह केअर किंवा परिहारक सेवा असेही म्हटले जाते. आजार बरा करण्यापेक्षा वेदना, धाप, मळमळ, भीती आणि एकटेपणा कमी करणे हा तिचा उद्देश असतो. आधुनिक उपशामक सेवेच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स या परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून गेल्या होत्या. त्यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक वेदना परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत, ही त्यांची ‘समग्र वेदना’ ही संकल्पना उपशामक समाजकार्याचा पाया मानली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५.६८ कोटी लोकांना उपशामक सेवेची गरज असते. गरज असलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते. मानवी आपत्तींच्या वेळी मदतकार्यात उपशामक सेवेचा समावेश कसा करावा, याविषयीची मार्गदर्शिका संघटनेने २०१८ मध्ये, म्हणजे महामारीच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध केली होती.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाणारे शांती अवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाले. पुण्यातील वारजे येथे १९९७ मध्ये सिपला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर स्थापन झाले. तेथे कर्करुग्णांना विनामूल्य सेवा दिली जाते आणि रुग्णाबरोबर त्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकालाही शुश्रूषेचे शिक्षण दिले जाते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपशामक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्र शासनाने २०१२ मध्ये राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला. राज्यातील शासकीय रुग्णालयांत समाजसेवकाचे पद ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ या नावाने ओळखले जाते.

महामारी नियंत्रण आणि कुटुंबाच्या भावना यांच्यातील तणावाला पुण्यात जुना इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सैनिकांकरवी घरझडती घेण्यात आली आणि रुग्णांना कुटुंबापासून सक्तीने वेगळे करण्यात आले. त्यातून तीव्र असंतोष निर्माण झाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. प्लेगच्या वेळी करण्यात आलेला १८९७ चा साथरोग अधिनियम महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला.

कामाच्या स्वरूपातील बदल

संवाद आणि निरोप

राज्यातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. कोविड कक्षांत नातेवाइकांना प्रवेश नसल्याने रुग्णाची प्रकृती कळवणे, हे एरवी डॉक्टर आणि कुटुंब यांच्यात समोरासमोर होणारे काम, दूरध्वनीवर आले. समाजसेवक ठरलेल्या वेळी घरच्यांना दूरध्वनी करत आणि रुग्णाचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचवत. शक्य असेल तेथे चित्रसंवादाने भेटही घडवून आणली जाई. एकाच घरातील अनेक जण वेगवेगळ्या रुग्णालयांत किंवा विलगीकरण केंद्रांत असत. अशा वेळी मृत्यूची वार्ता कोणाला, कधी आणि कोणामार्फत सांगायची हा कठीण प्रश्न होता. ऐकणारी व्यक्ती एकटी आहे का, जवळ कोणी शेजारी आहे का, याची खात्री करून मगच वार्ता सांगणे ही सर्वसाधारण पद्धत होती.

अंत्यसंस्कार

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये मृतदेहाच्या हाताळणीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. मृतदेहाला स्नान घालणे, मिठी मारणे व चुंबन घेणे यांना मनाई होती. मात्र खबरदारी घेऊन कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना अंत्यदर्शन देणे, स्पर्श न करता मंत्र किंवा प्रार्थना म्हणणे, पवित्र जल शिंपडणे आणि अंत्यसंस्कारानंतर रक्षा गोळा करणे यांस परवानगी होती. रक्षेपासून संसर्गाचा धोका नसल्याचे या सूचनांत स्पष्ट म्हटले होते. भीतीपोटी अनेक ठिकाणी या सवलतींचा वापर झाला नाही. काही कुटुंबांनी रक्षा नेण्यास नकार दिला, तर काहींना दर्शनाचा पर्यायच माहीत नव्हता. त्यामुळे नियमांत कशाची मुभा आहे हे समजावून सांगणे हेही समाजसेवकांचे महत्त्वाचे काम ठरले. वांद्रे येथील दफनभूमीत कोविडग्रस्तांच्या दफनास विरोध करणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये फेटाळल्या.

इतर आजारांचे रुग्ण

महामारीचा मोठा फटका कोविड नसलेल्या, विशेषतः कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना बसला. तीव्र वेदनांवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन हे स्वस्त व प्रभावी औषध आहे. परंतु ते अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत येते. २०१४ च्या दुरुस्तीने त्याची उपलब्धता सुलभ करण्याचा प्रयत्न झाला, तरी ते मान्यताप्राप्त संस्थांमधूनच मिळते. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक नियमावलीत अशी औषधे दूरसंवादाद्वारे लिहून देण्यास मनाई होती. परिणामी टाळेबंदीत इतर सल्ला दूरध्वनीवर मिळू शकला, तरी मॉर्फीनसाठी कोणीतरी प्रत्यक्ष केंद्रावर जाणे आवश्यक राहिले. प्रवासाचा परवाना मिळवून देणे, औषध आणण्यासाठी नातेवाईक किंवा स्वयंसेवक शोधणे आणि जखम धुणे, नळीतून अन्न भरवणे यांसारखी कामे घरच्यांना दूरध्वनीवर शिकवणे हे समाजसेवक व परिचारिका यांनी मिळून केले.

पिंपरी-चिंचवड आणि रावेत परिसर

पवना नदीकाठचे रावेत हे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर आहे. जुने गावठाण आणि नव्या गृहनिर्माण संस्था अशी त्याची संमिश्र वस्ती असून पिंपरी, तळवडे व चाकण येथील कारखान्यांत आणि हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारी अनेक कुटुंबे तेथे राहतात. नोकरीनिमित्त बाहेरून आलेल्या अशा कुटुंबांचा मोठा गोतावळा बहुधा गावी असतो. प्रवासबंदीत तो मदतीला येऊ शकला नाही, त्यामुळे सोसायटीतील शेजारी आणि सहकारी यांच्यावर शुश्रूषेचा व अंत्यविधीचा भार पडला.

पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महामारीत कोविड उपचारांसाठी राखीव करण्यात आले. नेहरूनगर येथील अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर २०२० मध्ये सुमारे ८०० खाटांचे तात्पुरते जम्बो रुग्णालय उभारले गेले. या व्यवस्थांचा भर प्राणवायू, खाटा व अतिदक्षता यांवर होता. वारजे येथील उपशामक केंद्र आणि रावेत ही दोन्ही ठिकाणे मुंबई-बंगळूर महामार्गाच्या एकाच बाह्यवळणावर आहेत. तरीही सार्वजनिक बससेवा सर्वसामान्यांसाठी बंद असताना स्वतःचे वाहन नसलेल्या रुग्णाला हे अंतर पार करणे अवघड होते.

मृत्यूनंतरचे काम

उपशामक समाजकार्य रुग्णाच्या मृत्यूने संपत नाही. शोकाकुल कुटुंबाला सावरणे हा त्याचाच भाग असतो. महाराष्ट्रात कोविडमुळे अधिकृत नोंदीनुसार सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू झाले. मागे राहिलेल्यांसाठी पुढील प्रमुख योजना होत्या :

• सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये लागू झालेले प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य.
• दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाची ५ लाख रुपयांची मुदत ठेव, तसेच बालसंगोपन योजना.
• विधवा महिलांपर्यंत शासकीय योजना पोहोचवण्यासाठी २०२१ मध्ये सुरू झालेले राज्य शासनाचे ‘मिशन वात्सल्य’.
• राज्य कामगार विमा महामंडळाची कोविड साहाय्य योजना. विमाधारक कामगाराच्या अवलंबितांना सरासरी वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत मासिक रक्कम देणारी ही योजना औद्योगिक पट्ट्यासाठी विशेष महत्त्वाची होती.

यांपैकी बहुतेक लाभांसाठी मृत्यूचे कारण कोविड असल्याचा पुरावा लागत असे. चाचणीचा अहवाल हरवणे, घरी मृत्यू होणे, प्रमाणपत्रावर वेगळे कारण असणे किंवा कंत्राटी कामगाराच्या विम्याचे हप्ते भरलेले नसणे अशा अडचणींमुळे अनेक अर्ज अडकत. राज्यातील कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने हे प्रश्न सातत्याने मांडले.

मूल्यमापन

महामारीने उपशामक समाजकार्याची दोन अंगे ठळक केली. पहिले म्हणजे संसर्ग नियंत्रण आणि मृत्यूची प्रतिष्ठा या गोष्टी परस्परविरोधी नाहीत. अधिकृत सूचनांत निरोपाला जागा होती, पण ती कुटुंबापर्यंत पोहोचवणारी व्यक्ती प्रत्येक रुग्णालयात नव्हती. दुसरे म्हणजे दूरध्वनीद्वारे दिलेल्या सेवेची उपयुक्तता आणि तिच्या मर्यादा. दूरस्थ पाठपुराव्यामुळे प्रवास वाचतो. परंतु ऐकू न येणारे वृद्ध, एकच भ्रमणध्वनी असलेली कुटुंबे आणि घरात खासगीपणे बोलू न शकणाऱ्या स्त्रिया त्यापासून दूर राहतात. शिवाय दररोज मृत्यूच्या वार्ता देणाऱ्या समाजसेवकांचा स्वतःचा मानसिक ताण दुर्लक्षित राहिला. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात खाटा व प्राणवायूबरोबर वेदनाशामक औषधांचा साठा आणि समाजसेवकांची पदे यांचाही समावेश असावा, अशी या क्षेत्रातील तज्ज्ञांची भूमिका आहे.

हे सुद्धा पहा

• उपशामक सेवा
• वैद्यकीय समाजकार्य
• महाराष्ट्रातील कोविड-१९ महामारी
• पिंपरी-चिंचवड
• रावेत