सुलेखनाधिष्ठित मुद्राक्षरे, देवनागरी

सुलेखनाधिष्ठित मुद्राक्षरे, देवनागरी : बोरू, टाक वा कुंचला यांनी लिहिलेल्या अक्षरांची वळणे आणि रेषांचा जाड-बारीकपणा जाणीवपूर्वक राखणारी, मुख्यतः शीर्षकांसाठी योजावयाची मुद्राक्षरे. सलग मजकुराच्या मुद्राक्षरांत एकसारखेपणाला, तर या प्रकारात अक्षराच्या व्यक्तिमत्त्वाला प्राधान्य असते.

देवनागरी अक्षराचे रूप बोरूच्या तिरकस कापाने घडले. हा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असल्याने रेषेची जाडी वेगळ्या ठिकाणी येते. रोमन अक्षराचा तोल देवनागरीस लावल्यास ते परके भासते, ते यामुळेच.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शिळाछापात लेखकाचे हस्ताक्षरच कागदावर उतरत असे. खिळ्यांच्या छपाईत मात्र मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांसाठी शेकडो खिळे लागत. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांत महत्त्वाच्या सुधारणा केल्या. याच मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केले. मराठी नियतकालिके मुंबई-पुण्याबाहेर निघू लागल्याचे ते एक आरंभीचे उदाहरण होय. पुढे जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तेथील राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांत बोरूचे वळण उत्तम साधले.

विसाव्या शतकात यंत्रजुळणीसाठी अक्षरसंख्या कमी करावी लागली. त्यामुळे जोडाक्षरे तुटली व मात्रा जागच्या हलल्या. लिखित वळण या काळात प्रामुख्याने शीर्षकांतून टिकले, कारण ती हातानेच रेखाटली जात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरे रसिकांच्या विशेष परिचयाची आहेत. मोडी लिपीचा अभ्यास करून अच्युत पालव यांनी सुलेखनाला नवी दिशा दिली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा मजकुराचा टंक सिद्ध केला.

संगणकीय टंकांत जोडाक्षरे पूर्ण रूपात आपोआप घडविता येत असल्याने खिळ्यांची जुनी अडचण दूर झाली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी केलेला ‘यात्रा वन’ हा टंक सपाट कुंचल्याच्या फटकाऱ्यावर आधारलेला आहे.

ग्रंथांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या व चित्रपटांची शीर्षके यांसाठी अशी मुद्राक्षरे योग्य ठरतात. लहान आकारात व दीर्घ मजकुरात ती वाचकास शिणवितात. शिवाय हाताने दोनदा लिहिलेला ‘क’ कधीच तंतोतंत सारखा नसतो, टंकातील मात्र प्रत्येक वेळी तोच असतो. म्हणून काही टंकांत एका अक्षराची पर्यायी रूपे दिली जातात. लिहिणाऱ्याच्या हाताचे वळण टंक जतन करतो, परंतु शब्दागणिक बदलणारा त्याचा निर्णय जतन करू शकत नाही. सुलेखनाची परंपरा चालू राहिली, तरच अशा टंकांना नवे वळण मिळत राहील.