रेवदंड्याचा तट आणि कोर्लईची बोली

थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी व उंदेरी दिसतात. येथल्या माणसाला इतिहास म्हटला कीं १६७९ सालचा झगडा आठवतो: शिवाजीमहाराजांचे लोक खांदेरीवर तट चढवीत होते आणि मुंबईचे इंग्रज तें काम मोडण्यासाठीं गलबतें घेऊन धांवले होते. हा अभिमान रास्त आहे; पण त्याच्या सावलींत अलिबागेच्या दक्षिणेचा रेवदंडा झांकून जातो. कालव्यांच्या कांठचीं जुनीं युरोपीय शहरें पाहण्यास आपले लोक आतां लाखों रुपये खर्चून जातात. खाडी व समुद्र यांच्या बेचक्यांत तसलेंच एक शहर आपल्या जिल्ह्यांत नांदत होतें, याची मात्र दादफिर्याद नाहीं.

त्याच्या शेजारचें चौल बंदर पोर्तुगीजांहून फार जुनें. टॉलेमीला तें ठाऊक होतें. रशियन व्यापारी निकितीन १४६९ च्या सुमारास तेथेंच उतरला. १५०८ सालीं ईजिप्त व गुजराथ यांच्या आरमारांनीं पोर्तुगीजांस येथें हरविलें आणि त्या लढाईंत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा पडला. तरी १५२१ मध्यें बुऱ्हाण निजामशहानें त्यांना किल्ल्याची परवानगी दिली, कारण त्याला समुद्रमार्गें येणारे घोडे हवे होते. पुढें १५७०-७१ त मूर्तजा निजामशहानें मोठा वेढा घातला, तो फुकट गेला. आजोबांनीं दिलेली जागा नातवाला परत घेतां आली नाहीं!

तटाच्या आंत मठ, देवळें, घरें उभीं राहिलीं. वसई पडल्यावर, १७४० त, हें ठाणें तहानें मराठ्यांकडे आलें. बंदराचा व्यापार आधींच ओसरला होता; गोऱ्यांची वस्ती उठली. आज वेशींतून गाडीरस्ता जातो, पडक्या भिंतींना टेकून नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा, ज्याला गांवकरी सातखणी म्हणतात, माडांच्या वर डोकें काढून उभा आहे. आंतल्या देवळांचीं छपरें केव्हांच गेलीं.

दगडाहून चिवट वस्तु खाडीपलीकडे आहे. कोर्लईच्या डोंगरी किल्ल्याखालच्या गांवांत ख्रिस्ती कुटुंबें पोर्तुगीजांतून जन्मलेली बोली घरांत बोलतात व तिला 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. राज्यकर्ते गेल्याला पावणेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं. तिचे शब्द बव्हंशीं लिस्बनचे. क्रियापद मात्र मराठीसारखें वाक्याच्या शेवटीं येऊन बसतें.