दंड कुणाला बोचतो?

वेगात गाडी हाणली की ई-चलान येतं. महागड्या गाडीवाला मोबाईलवरून पैसे भरतो आणि विसरतो. टॅक्सीवाल्याची मात्र दिवसाची कमाई जाते. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनांसाठी हा दंड १००० ते २००० रुपये झाला. गाडी पाच लाखांची असो की पाच कोटींची, पट्टी तीच.

आता डिलाईल रोडवर या. आजचं नाव ना. म. जोशी मार्ग. इथल्या गिरण्यांत उशीर झाला, कापड बिघडलं की कामगाराचा पगार कापायचे. कामगारांचे नेते जोशी १९२९ च्या शाही कामगार आयोगाचे सदस्य होते. आयोगाने दंडाला मर्यादा सुचवली आणि १९३६ च्या वेतन कायद्यात ती आली: रुपयामागे फार तर अर्धा आणा. म्हणजे तीस रुपये पगारावर जास्तीत जास्त पंधरा आणे. वर दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरायची.

दंड ऐपतीशी जोडायचा, हे आपल्याकडे तेव्हाच सुचलं होतं. फिनलंडमध्ये तर १९२१ पासून उत्पन्नानुसार दंड आहे, तिथे वेगापायी श्रीमंतांना लाखोंचा फटका बसतो.

गिरण्यांच्या जागी टॉवर आले, खाली भारी गाड्या आल्या. मग जोशींच्या नावाच्या रस्त्यावर दंडाची पट्टी सगळ्यांना एकच का? बोला.