आंतरधर्मीय घरातल्या बाळाचे गॉडफादर-गॉडमदर कोण होऊ शकतात?

समजा, आई जळगावच्या ख्रिस्ती घरातली आणि वडील धुळ्याच्या हिंदू घरातले. बाळ तीन महिन्यांचं झालंय, बाप्तिस्म्याची तारीख ठरतेय. गॉडमदर कोण, हा प्रश्न निघतो. वडील सहज म्हणतात, "माझी बहीण आहे ना!" बारशाला बाळाच्या कानात नाव तिनंच सांगितलेलं असतं. पण चर्चमधून उत्तर येतं, आत्या गॉडमदर होऊ शकत नाही. आणि आनंदाच्या घरात रुसवेफुगवे सुरू होतात.

आत्याला नकार का मिळतो? हा नियम सगळ्या चर्चमध्ये आहे का? आणि तिला मान देण्याचा दुसरा मार्ग कोणता? समजून घेऊया.

गॉडपेरेंट म्हणजे नेमकं कोण?

मराठीत त्यांना धर्मपिता आणि धर्ममाता म्हणतात. बाळ स्वतः श्रद्धेची कबुली देऊ शकत नाही. म्हणून बाप्तिस्म्याच्या वेळी आई-वडिलांसोबत ही माणसं उभी राहतात आणि मुलाला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवायला मदत करण्याचं वचन देतात.

गैरसमजाचं मूळ इथेच आहे. घरच्यांना हा नात्याचा मान वाटतो, तर चर्चच्या दृष्टीनं ती श्रद्धेची जबाबदारी असते. ज्या श्रद्धेत आपण स्वतः नाही, तिचं वचन आत्या कसं देणार, असा चर्चचा प्रश्न असतो. तो आत्याच्या प्रेमाबद्दल नसतो.

आधी विचारा, चर्च कोणतं?

खान्देशात या प्रश्नाचं एकच उत्तर नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे रोमन कॅथलिक १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. तिथे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि धर्मपिता-धर्ममाता नेमण्याची रीत आहे.

प्रोटेस्टंटांचं चित्र वेगळं आहे. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव पट्ट्यात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स'नं काम केलं, तर धुळे-नंदुरबारकडे 'स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन'नं. अशा परंपरेतल्या अनेक मंडळ्यांमध्ये तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. तिथे बाळाचं 'समर्पण' होतं. पाळक बाळासाठी प्रार्थना करतात, आई-वडील वचन देतात आणि मूल मोठं झाल्यावर बाप्तिस्म्याचा निर्णय स्वतः घेतं. त्यामुळे गॉडपेरेंट हे पद तिथे सहसा नसतंच.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. तिथे बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती मान्य आहेत.

कॅथलिक चर्चचे नियम काय सांगतात?

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार:

• एक धर्मपिता, किंवा एक धर्ममाता, किंवा दोघं मिळून एक जोडी पुरते. दोघं असलेच पाहिजेत, असं नाही.
• वय १६ वर्षं पूर्ण हवं. कारण असेल तर धर्मगुरू सवलत देऊ शकतात.
• व्यक्ती कॅथलिक हवी. तिचा दृढीकरण संस्कार झालेला हवा, तिनं ख्रिस्तप्रसाद घेतलेला हवा आणि तिचं जगणं श्रद्धेला धरून हवं.
• बाळाचे स्वतःचे आई-वडील गॉडपेरेंट होऊ शकत नाहीत.
• बाप्तिस्मा झालेली प्रोटेस्टंट व्यक्ती 'साक्षीदार' म्हणून उभी राहू शकते, पण सोबत एक कॅथलिक गॉडपेरेंट हवा.

म्हणजे नकार फक्त हिंदू आत्यालाच मिळतो, असं नाही. अलायन्स मंडळीतली सख्खी मावशीसुद्धा कॅथलिक चर्चमध्ये साक्षीदारच राहते.

योग्य माणूस मिळालाच नाही तर? 'शक्य असेल तोवर' गॉडपेरेंट द्यावा, अशी कायद्याची भाषा आहे. त्यामुळे केवळ त्यासाठी बाप्तिस्मा अडत नाही. इटलीत सिसिली बेटावरच्या कातानिया धर्मप्रांतानं तर ऑक्टोबर २०२१ पासून तीन वर्षांसाठी गॉडपेरेंट नेमणंच थांबवलं होतं. श्रद्धा बाजूला राहून ही प्रथा नुसती नातीगोती आणि ओळखीपाळखीची झाली, अशी तिथल्या चर्चची तक्रार होती.

एकाच पालकाचा होकार पुरतो का?

चर्चच्या नियमानुसार, हो. आई-वडिलांपैकी किमान एकाची संमती आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा, एवढं पुरेसं आहे. शिवाय अशा लग्नाला चर्चची परवानगी घेताना कॅथलिक जोडीदारानं एक वचन दिलेलं असतं. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करू, असं ते वचन. दुसऱ्या जोडीदाराला त्याची कल्पना द्यावी लागते.

पण नियमात बसतं म्हणून घरात खपतं, असं नाही. लग्नाच्या गडबडीत कानावरून गेलेलं हे वचन बाळ झाल्यावर अचानक आठवतं. त्यामुळे गॉडपेरेंटची नावं काढण्याआधी बाप्तिस्म्याबद्दल दोघांचं एकमत आहे का, हे बोलून घेणं महत्त्वाचं.

एका घरात दोन धर्म ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधला काही काळ दोघं वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आले, तेव्हाही लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हा काळ वाचायला मिळतो.

गॉडपेरेंटला कायदेशीर हक्क मिळतो का?

नाही. आई-वडिलांना काही झालं तर मूल आपोआप गॉडपेरेंटकडे जात नाही, वारसाहक्कही तयार होत नाही. वाद झाल्यास 'पालक आणि पाल्य कायदा, १८९०' नुसार न्यायालय मुलाचं हित पाहून निर्णय देतं. मुलाची जबाबदारी अमुक व्यक्तीनं घ्यावी अशी इच्छा असेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन मृत्युपत्रात तसं लिहावं.

बाप्तिस्म्याच्या नोंदीला किती वजन असतं?

चर्चच्या नोंदवहीत बाळाचं, आई-वडिलांचं आणि गॉडपेरेंटचं नाव लिहिलं जातं. ही नोंद सरकारी जन्मदाखल्याची जागा घेत नाही, पण पुढे पुरावा ठरू शकते.

पुदुच्चेरीतल्या एका महिलेनं सरकारी नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. वडील हिंदू आणि आपणही हिंदू, असं तिचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २६ नोव्हेंबर २०२४ रोजी तिची मागणी फेटाळली. तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणं, या दोन्ही गोष्टी न्यायालयानं विचारात घेतल्या.

अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांपुरताच आहे. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट नाही. त्यामुळे धुळे-नंदुरबारच्या आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांची स्थिती वेगळी आहे. आई-वडिलांपैकी कुणी अनुसूचित जातीचं असेल, तर हा मुद्दा बाप्तिस्म्याआधी समजून घ्यायलाच हवा.

मग आत्याचं काय करायचं?

• आधी फादर किंवा पाळकांना विचारा, मग नातेवाइकांना सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव जाहीर करून नंतर मागे घेतलं, की ते जास्त लागतं.
• गॉडपेरेंट निवडताना पुढची १५-२० वर्षं मुलाच्या संपर्कात कोण राहील, याचा विचार करा. परदेशातल्या श्रीमंत काकांपेक्षा भुसावळची मावशी कदाचित जास्त उपयोगी पडेल.
• बाप्तिस्म्याला हजर राहायला हिंदू नातेवाइकांना मनाई नसते. त्यांनी कुठे बसायचं, फोटोत कधी यायचं, हे आधीच ठरवा. ऐनवेळी कुणी अवघडून उभं राहायला नको.
• ज्या विधीत ज्याचा मान, तो त्याला द्या. बारशाला आत्या, जावळाला मामाची मांडी. हे मान चर्चनं दिलेले नाहीत, त्यामुळे चर्चच्या नकारानं ते जातही नाहीत.
• नकार मिळाला तर तो आत्याला वडिलांनी स्वतः सांगावा, आणि कारणासकट. "चर्चनं नाही म्हटलं" एवढंच ऐकलं, की ते "वहिनीनं नाही म्हटलं" असं व्हायला वेळ लागत नाही.