कौलावरचं नाव

परवा पुतण्या आला होता. नोकरी सोडून, फंडाचे सगळे पैसे घालून त्याने सिमेंटचे ठोकळे आणि फरशा बनवायचा कारखाना काढलाय. मोबाईलवर बोधचिन्हाचे पाच रंगीत नमुने दाखवले. "काका, तुम्ही मास्तर. सांगा, कुठलं घेऊ?"

मी आतून एक जुनं मंगलोरी कौल आणून त्याच्यापुढे उलटं ठेवलं. कोकणातलं घर उतरवलं तेव्हा जपून ठेवलेलं. लहानपणी दुपारी आडवं पडलं की वाशा-रिपांमधून ही इंग्रजी अक्षरं दिसत. शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच माझी त्यांच्याशी ओळख झाली होती.

मंडळी, या कौलांची कथा ऐकण्यासारखी आहे. एकमेकांत अडकणारं कौल मुळात फ्रान्सच्या जिलार्दोनी बंधूंचं, 1841 सालचं. स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे मिशनरी 1834 साली मंगळुरास आले. धर्मांतर केलेल्यांना जातीने टाकलं की पोटापाण्याचा धंदाही सुटे. त्यांच्या हाताला काम हवं म्हणून मिशनने विणकाम, छपाई सुरू केली. छापखान्याचं काम पाहणाऱ्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी तिथली चिकणमाती हेरली आणि 1865 साली कौलांचा कारखाना उभा केला. 1868 साली आल्बुकर्क यांचा देशी कारखाना निघाला, मग आणखी कित्येक. कौलं दिसायला सारखीच... वेगळं ते फक्त नाव!

हे नाव साच्यात उलटं कोरलेलं असे. ओल्या मातीवर दाब पडला की सुलट उमटे आणि भट्टीत पक्कं होई. छापखान्यातल्या माणसाला उलट्या अक्षरांचं काय नवल! बारीक नक्षी मातीत टिकत नाही, म्हणून अक्षरं ठसठशीत. रंग नाही, छटा नाही.

"पण काका, हे तर आतल्या बाजूला. दिसणार कोणाला?"

"घरात राहणाऱ्याला. पावसात गळलं की तो वर बघतो. तिथे तुझं नाव असतं."

तो गप्प बसला. मग चार नमुने पुसले आणि पाचव्यातले रंग काढायला लागला.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले. मिशनच्या हातून धंदा गेला, पण छपरांवरची नावं राहिली. असो. पुतण्याचा पहिला ठोकळा आला की त्यावरचं नाव बोटाने चाचपून बघणार आहे.