‘गोदावरी’ नावाची युद्धनौका

नांदेडच्या घाटाखालून वाहणारी आणि आपल्या लातूरकडच्या मांजरेला पुढे पोटात घेणारी गोदावरी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच नावाची युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. १५ मे १९८० रोजी ती पाण्यात उतरली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. तिचा आराखडा आपल्याच नौदलाचा, ब्रिटिश ‘लिअँडर’ घाटावरून वाढविलेला. पण खरे नवल तिच्या मेंदूचे आहे.

पूर्वी नौकेवर शत्रूचे अंतर व दिशा खलाशी पेन्सिलीने मांडीत आणि तोंडी कळवीत. क्षेपणास्त्र आले आणि मिनिटांचे सेकंद झाले. तेव्हा हे काम संगणकाकडे देणे भागच पडले. ‘गोदावरी’वर क्षेपणास्त्रे रशियन, हेलिकॉप्टरे ब्रिटिश, आणि संगणकयंत्रणा इटलीच्या सेलेनिया कंपनीची! विजेच्या दाबापासून संकेतांपर्यंत प्रत्येकाची बोली निराळी. रशियन माणूस इटालियन यंत्राची दुभाषेगिरी कशाला करील? ते काम आपल्याच अभियंत्यांनी केले.

संगणक परका घेतला म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. यंत्र विकत मिळते. दोन परक्या यंत्रांना एकत्र राबविण्याची विद्या हातानेच कमवावी लागते. अशी विद्या कमावणाऱ्यांत मी गोदीतला वायरमनही धरतो. समारंभाच्या छायाचित्रात तो सहसा नसतो, ही गोष्ट वेगळी.

पुढे ‘गंगा’ आणि ‘गोमती’ त्याच गोदीतून निघाल्या. ‘गोदावरी’ २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली, ‘गोमती’ २८ मे २०२२ रोजी.